चाळिशीत कॉलेज : आधी हिशेब, मग प्रवेश

हंगाम संपला, बॉयलर थंड झाला, आणि दरवर्षीप्रमाणे वार्तापत्राच्या टेबलाशी तीच विचारणा सुरू झाली. "साहेब, या वयात पुन्हा कॉलेजात नाव घालता येतं का?" विचारणारे कोण, तर कुणी वजनकाट्यावरचा कारकून, कुणी स्लिप बॉय, कुणी सभासदाची सून. कुणाचे शिक्षण बापाच्या आजारपणाने सुटले, कुणाचे लग्नाने, तर कुणाचे गणिताने. आम्ही आजवर "होय, येतं की" एवढेच उत्तर देऊन मोकळे होत होतो. यंदा तिघेजण एकाच आठवड्यात आले, तेव्हा आम्हालाच आमच्या उत्तराची लाज वाटली. नाव घालता येते हे खरे, पण नाव घालून पुढे काय, हे आम्ही कधी कुणाला विचारलेच नव्हते.

म्हणून एक दिवस त्या तिघांना घेऊन पहाटेच्या एस.टी.ने नागपूर गाठले. गणेशपेठेच्या स्टँडवर उतरून तर्री-पोहे खाल्ले आणि दिवसभर विद्यापीठ, अभ्यास केंद्रे आणि बर्डीवरची पुस्तकांची दुकाने अशी पायपीट केली. तिथे जे कळले आणि परतीच्या प्रवासात जो हिशेब झाला, तो सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो आहोत.

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचे. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. पूर्वी आपल्या भागात 'एक्स्टर्नल' म्हणून बी.ए. देणारे मास्तर गावोगाव असत. दिवसा शाळा, रात्री कंदील, आणि परीक्षेला नागपूरला नातेवाइकाकडे मुक्काम. नोकरी करणाऱ्या माणसाला आज मुख्यत्वे दोन मुक्त विद्यापीठांचा आधार आहे. एक नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, स्थापना १९८९. दुसरे दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापना १९८५. दोघांचीही विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून शिकता येते, ही आपल्या माणसाला फार मोठी गोष्ट. इग्नूत बहुतेक कारभार हिंदी-इंग्रजीचा. पण इग्नूची एक सोय आम्हाला फार आवडली, तिच्याकडे पुढे येतो.

पहिली गाठ वजनकाट्याच्या कारकुनाची. वय ४२, बारावी पास, नोकरीला वीस वर्षे होत आली. त्यांचे म्हणणे, "बी.ए. झालो की हेडक्लार्क होईन." आम्ही विचारले, "असं कुणी लिहून दिलंय?" ते गप्प. मग म्हणाले, "सगळेच म्हणतात." आम्ही टाइम ऑफिसातून सेवानियम मागवून घेतले होते, ते बसमध्ये त्यांच्यासमोर उघडले. त्यांच्या पदावरून वरच्या पदाला जाताना सेवाज्येष्ठता धरली जाते, पदवी कुठेही मागितलेली नाही. म्हणजे ज्या बढतीसाठी ते तीन वर्षे घालायला निघाले होते, ती पदवी न घेताही मिळणार होती, किंवा घेऊनही मिळणार नव्हती.

गृहस्थ हिरमुसले. आम्हालाही बरे वाटले नाही. पण मग बोलता बोलता दुसरी वाट निघाली, आणि ती आपल्या सहकाराच्या घरातलीच निघाली. सहकार खात्याची 'जी.डी.सी. अँड ए.' ही पदविका सभासदांपैकी अनेकांनी ऐकली असेल. तिची परीक्षा सहकार आयुक्त घेतात, साधारण मे महिन्यात, आणि नागपूर हे एक केंद्र आहे. विषय सहा, त्यांत हिशेब, लेखापरीक्षण, सहकाराची तत्त्वे आणि सहकारी कायदा हे मुख्य. अट एकच मोठी, माणूस पदवीधर हवा. पदवी कोणत्याही शाखेची चालते. वरची वयोमर्यादा नाही. ही पदविका आणि लेखापरीक्षणाचा पुरेसा अनुभव असला, की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत नाव लागू शकते. २०१३ च्या दुरुस्तीनंतर संस्था आपला लेखापरीक्षक त्या नामतालिकेतून वार्षिक सर्वसाधारण सभेत नेमतात. आपल्या तालुक्यात सेवा सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था किती आहेत ते मोजा. त्या सगळ्यांना दरवर्षी ऑडिट करून घ्यावेच लागते.

आता कारकुनांचा हिशेब पुन्हा मांडा. ४२ व्या वर्षी मराठीतून बी.ए. किंवा बी.कॉम.ला नाव, ४५ ला पदवी, ४६-४७ ला पदविका, मग एखाद्या प्रमाणित लेखापरीक्षकाच्या हाताखाली अनुभव. निवृत्तीच्या वेळी हातात चालता धंदा. माणसाला साठीनंतर कुणी नोकरी देत नाही, पण सोसायटीचे दप्तर तपासणाऱ्याचे वय कुणी विचारत नाही. आम्ही त्यांना बी.ए.ऐवजी बी.कॉम. घ्या असे सुचवले, कारण पुढचे निम्मे विषय आधीच हाताखालून जातील. "आकडे तर रोजच लिहितो जी," ते म्हणाले, आणि वजनाच्या पावतीच्या पाठीवर वर्षे मांडायला लागले.

इथे आमचे एक मत सांगून टाकतो. वयाने मोठा विद्यार्थी आणि अठरा वर्षांचा पोर यांच्यात अकलेचा फरक नसतो, फरक असतो उरलेल्या वर्षांचा. पोराने चुकीची शाखा घेतली तर दोन वर्षे जातात, एवढेच. चाळिशीच्या माणसाची दोन वर्षे गेली की कधी कधी दारच बंद होते. म्हणून त्याने हिशेब शेवटाकडून मांडावा. जे काम हवे आहे त्याला वयाची अट काय, त्याची भरती किती वर्षांनी निघते, पदवी कधी हातात येईल, हे आधी. कॉलेज कोणते, हे सगळ्यात शेवटी.

याचा चटका दुसऱ्या बाईंना बसला. सभासदाच्या घरची सून, वय ३४, लग्नाआधी बी.ए.चे दुसरे वर्ष झालेले, मुलगी आता तिसरीत. त्यांना तलाठी व्हायचे होते. (त्या पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, पण गावात तलाठीच म्हणतात.) सासूबाईंनी फीचे पैसे रुमालात बांधून दिले होते, आणि त्या रुमालाकडे पाहूनच आम्हाला पुढचे बोलणे जड गेले.

राज्य सरकारच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ वर्षे आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षे अशी मर्यादा २०१६ पासून आहे. बाई खुल्या प्रवर्गातल्या. नव्याने पहिल्या वर्षाला बसल्या तर पदवी हाती येईल ३७ ला. उरते एक वर्ष. आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. तलाठ्यांची मोठी भरती २०१९ साली झाली, त्यानंतर थेट २०२३ साली, राज्यभर ४,६४४ जागांसाठी. मध्ये चार वर्षे गेली. म्हणजे नशिबाने त्या एका वर्षात जाहिरात निघाली तर निघाली.

जुनी दोन वर्षे धरली गेली तर चित्र बदलते, म्हणून तो प्रश्न घेऊन आम्ही खिडक्यांपुढे उभे राहिलो. एका खिडकीवर "चालेल" म्हणाले, दुसऱ्या खिडकीवर "अभ्यासक्रम बदलला, नाही चालणार" म्हणाले. तोंडी उत्तरांचा हा अनुभव नवा नाही. सभासदांनी एवढे नक्की करावे, की जुन्या गुणपत्रिकांच्या प्रतींसह लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या, एक वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका आणि तीन वर्षांना पदवी अशी उतरण्याची ठिकाणे ठेवली आहेत, आणि मिळवलेली श्रेयांके २०२१ पासून एका शैक्षणिक बँकेत जमा राहतात. पोस्टात पुस्तकावर पैसे राहावेत तसे. पण हे आज शिकणाऱ्यांसाठी. पंधरा वर्षांमागची वर्षे त्या बँकेत आपोआप येत नाहीत.

बाईंना आम्ही दुसरे मार्ग सांगितले. पदवीबरोबर मराठी-इंग्रजी संगणक टायपिंगची परीक्षा, पतसंस्थेतले काम, पुढे तीच जी.डी.सी. अँड ए. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नोकरी लागो न लागो, मला माझं अर्धं राहिलेलं पुरं करायचंय. पोरगी विचारते, आई तू किती शिकली? मी काय सांगू, पावणेबी.ए.?" आम्ही गप्प बसलो. हिशेब मांडायला आम्हीच शिकवत होतो, पण हा रकाना आमच्या वहीत नव्हता. तो त्यांनी मांडला, आणि तोही खराच आहे. फक्त घरच्यांना आधीच सांगा की हे पैसे नोकरीसाठी नाहीत, म्हणजे तीन वर्षांनी कुणी टोमणा मारणार नाही. त्यांनी सासूबाईंना फोन लावून तिथल्या तिथे सांगितले. सासूबाई काय म्हणाल्या ते त्यांनी आम्हाला सांगितले नाही, पण रुमाल परत पिशवीत गेला नाही.

तिसरे आपले हंगामी फायरमन. वय ३८, नववी नापास. त्यांच्या डोक्यात दहावी, बारावी, मग बी.ए. अशी लांब शिडी. हंगामी माणसाचे दुःख वेगळे असते. हंगामात बारा-बारा तास उष्णता खायची आणि उन्हाळ्यात घरी बसायचे. त्यांनी आम्हाला विचारले, "मी ग्रॅज्युएट झालो तर परमनंट होईन का?" आम्ही खोटे कशाला बोलू? सहा-सात वर्षे घालून मिळणाऱ्या बी.ए.ने फायरमनचे काही भले होणार नाही. त्यांच्या कामाला मान आहे तो बॉयलर अटेंडंटच्या प्रमाणपत्राचा. बॉयलरवर काम केल्याचा दाखला घेऊन आधी द्वितीय श्रेणीची आणि मग प्रथम श्रेणीची परीक्षा देता येते. ते प्रमाणपत्र फक्त आपल्या कारखान्यात चालते असे नाही. जिथे जिथे वाफ आहे, कापड गिरणी असो, कागद कारखाना असो की बुटीबोरीतली कंपनी, तिथे ते लागते.

हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. विदर्भात सहकारी साखर कारखाने किती थाटात उभे राहिले आणि त्यातले किती बंद पडले किंवा विकले गेले, हे सभासदांना सांगायला नको. कारखाना बंद पडला की कारखान्यातली ज्येष्ठता तिथेच राहते. बरोबर येते ते फक्त प्रमाणपत्र. म्हणून आपल्या कामगारांनी असे शिक्षण निवडावे जे खिशात घालून दुसऱ्या गेटवर दाखवता येईल.

त्यांची दहावी मात्र व्हायलाच हवी, कारण पुढची बरीच दारे दहावीवर अडतात. त्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, तो खासगी विद्यार्थ्याला भरता येतो. आणि आय.टी.आय.ला वरची वयोमर्यादा नाही, हे आपल्या लोकांना माहीतच नसते. ज्यांची बी.एस्सी. रसायनशास्त्र घेऊन झाली आहे आणि जे लॅबमध्ये काम करतात, त्यांनी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे अभ्यासक्रम पाहावेत. १९७५ पासूनची ही संस्था आपल्याच ऊस उत्पादकांच्या पैशाने उभी आहे, तिचा लाभ आपण घ्यायचा नाही तर कुणी?

आता इग्नूची ती सोय. सगळीकडे सत्र पद्धती आल्यापासून वर्षातून दोनदा परीक्षा असतात, उन्हाळी आणि हिवाळी. हिवाळी परीक्षा नेमकी तेव्हा, जेव्हा आपल्याकडे मोळी टाकून गाळप जोरात आलेले असते आणि काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. त्या दिवसांत रजा मागणे म्हणजे शेतकी अधिकाऱ्यांचा राग ओढवून घेणे. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात, पण तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत लांबवायला मुभा आहे. हंगामी कामगाराने फक्त जूनच्या परीक्षा द्यायच्या ठरवल्या तरी गाडी पोचते. गृहपाठ मात्र वेळेत द्यावे लागतात, त्यांना वेगळे गुण असतात. नाशिकच्या विद्यापीठातही प्रवेश घेतानाच परीक्षेचे महिने विचारून घ्या आणि हंगामाच्या तारखांशी ताडून पाहा.

दीक्षाभूमीवरून जाताना आमच्यात एक विषय निघाला. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो, पण त्यांचेही शिक्षण मध्येच तुटले होते, हे विसरतो. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी घेऊन ठेवली. मुंबईला येऊन १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि मुदत संपण्याआधी, जुलै १९२० मध्ये, पुन्हा लंडन गाठले. तेव्हा वय २९, घरी संसार. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आम्हाला त्यांच्या बुद्धीइतकेच त्या परवानगीच्या कागदाचे नवल वाटते. शिक्षण सोडताना दार लोटून घेतले, कडी लावली नाही. आपल्याकडे पोर कॉलेज सोडते ते दाखलाही न घेता, आणि पंधरा वर्षांनी तो दाखला शोधत फिरते.

नागपुरात गेले की कुणीतरी डॉ. श्रीकांत जिचकारांचे नाव काढतेच. काटोल तालुक्यातले, १९५४ चे. आमदारकी सांभाळून विद्यापीठाच्या परीक्षा देत राहिले, वीस पदव्या मिळवल्या, २००४ साली अपघातात गेले. अभिमान वाटावा असाच माणूस. पण आमच्या वाचकांनी त्यांची नक्कल करू नये. आपल्याला वीस नकोत, एकच, पण नेमकी हवी आहे.

आता एक कडू अनुभव. आमच्या संपादक मंडळातल्याच एकाने काही वर्षांपूर्वी एका 'अभ्यास केंद्रा'त पैसे भरले. "वर्षात बी.कॉम., परीक्षेची काळजी आमच्यावर," अशी बोली होती. कागद आला, वर सोनेरी शिक्काही होता. तो कागद एका अर्जाला जोडला तेव्हा कळले की असे विद्यापीठ मान्य नाही. पैसे गेले ते गेलेच, वर लाज. ते आमचे मित्र आजही त्या गोष्टीवर हसत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी दरवर्षी जाहीर करतो, आणि त्या यादीत बरीच वर्षे नागपूरचेही एक नाव होते. दूरशिक्षणाचा कोणता अभ्यासक्रम मान्य आहे, तेही आयोगाच्या यादीत पाहायला मिळते. पैसे भरण्याआधी यादी पाहा, आणि पावती विद्यापीठाच्या नावाची घ्या, केंद्रचालकाच्या नावाची नको.

दुसरा खड्डा थोडा आत आहे. काही जण बारावी न करता थेट वरच्या वर्गात बसायच्या वाटा शोधतात. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली पदवी नसताना मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येत नाही. वकिलीचेही तसेच. नागपूरला हायकोर्टाचे खंडपीठ असल्यामुळे तीन वर्षांच्या एलएल.बी.ची हौस आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. पण बार कौन्सिलचे नियम असे, की मूळ पायऱ्या गाळून थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला कायद्याला प्रवेश नाही. शिवाय वर्गात ७० टक्के हजेरी लागते, घरबसल्या एलएल.बी. होत नाही. म्हणून वेळ लागला तरी दहावी, बारावी, पदवी या क्रमानेच चढा. पायरी चुकवली की वर गेल्यावर खाली ढकलतात.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. फायरमन खिडकीशी बसून बॉयलर परीक्षेच्या पुस्तकाची पाने दिव्याच्या उजेडात चाळत होते. बाई झोपल्या होत्या, मांडीवर प्रवेशाची माहितीपुस्तिका. कारकुनांनी पावती पुढे केली. पाठीवर ४२ पासून ६० पर्यंत वर्षे उभी लिहिलेली आणि समोर बारीक अक्षरात काय काय. ५१ समोर 'थोरलीचं लग्न' असे होते आणि त्या वर्षी अभ्यासाचा रकाना कोरा. "हे वर्ष सोडलं तर चालेल नं?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, चालेल.

ज्यांना यंदा नाव घालायचे आहे त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, आधारकार्ड, आणि जातीचे प्रमाणपत्र असल्यास तेही घेऊन कोणत्याही गुरुवारी दुपारी आमच्याकडे यावे. दूरशिक्षणाला प्रवेश घेताना आयोगाच्या संकेतस्थळावर एक ओळख क्रमांक काढावा लागतो, तोही इथे काढून देऊ. सेवानियमांची प्रत टेबलावर ठेवली आहे, ती आधी वाचा.